मानीबाईचं रडणं

आमच्या संगीताला लाखभर लोक ओळखतात, पण त्यातला एकही कधी तिच्या घरी पाणी प्यायला आला नाही, असं मी तिला चिडवायचे. आता चिडवत नाही. त्यातल्या पाच बायका खरंच आल्या, आणि त्या आल्या तेव्हाच आमच्या घरातलं काय चोरीला गेलंय ते आम्हाला कळलं.

मी संगीताची काकी, रामी. तांड्यातल्या अंगणवाडीची सेविका. घरात आम्ही गोरबोली, म्हणजे आमची बंजारा बोली, बोलतो, बाजारात वऱ्हाडी, आणि रिपोर्ट लिहून लिहून माझं लिहिण्यातलं मराठी सरकारी झालंय, तेवढं चालवून घ्या. तांडा आमचा महागाव तालुक्यातला. माझा नवरा सेवादास पुण्याला बिल्डिंगांवर मिस्त्री आहे. त्याचा मोठा भाऊ उत्तमसिंग म्हणजे संगीताचा बाप, आणि मानीबाई तिची आई, माझी मोठी जाऊ. मानीबाईला अक्षरओळख नाही, बोलणंही बेताचंच. पण रडावं तर मानीबाईनं, असं आजूबाजूच्या सगळ्या तांड्यांतल्या बायका म्हणायच्या.

हसू नका. आमच्यात रडणं यावं लागतं, स्वयंपाक यावा लागतो तसं. लेक सासरी निघाली की ती आईच्या, काकीच्या गळ्यात पडून सुरात रडते. त्याला ढावलो म्हणतात, आणि पोरींना तो आधीपासून शिकवतात. माणूस गेलं तरी बायका सुरातच रडतात. बाहेरच्याला दोन्ही सारखंच ऐकू येईल. पण ढावलोचे शब्द ठरलेले असतात, मयताचे शब्द कोणी शिकवत नाही. ते त्या गेलेल्या माणसाचेच असतात. तो काय खायचा, कोणावर चिडायचा, त्याच्या बैलांची नावं काय, शेवटी काय बोलला. आणि असं रडणं कानावर पडलं की बाईमाणसानं हातातलं काम टाकून जवळ जायचं, तिच्या गळ्यात हात टाकायचा आणि आपला सूर तिच्या सुरात मिळवायचा. ओळख असो वा नसो, रडणारीला एकटी रडू द्यायची नाही.

उत्तमसिंग गेला ते फवारणीचं वर्ष. यवतमाळ जिल्ह्यात त्या वर्षी पराटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्यावर गेली होती आणि बोंडअळी फुलातच जाऊन बसली होती. दुकानदारानं दोन औषधं एकत्र करून दिली. हात वर करून फवारायचं, आणि वारं फिरलं की सगळं आपल्याच तोंडावर. दुपारी उत्तमसिंग घरी आला तेव्हा त्याला दारातली मानीबाई दिसत नव्हती. यवतमाळच्या दवाखान्यातून तो परत आला तो गाडीत आडवाच.

त्या दिवशी मानीबाई जी रडली ती मी विसरणार नाही. तिनं पंपाला शिव्या दिल्या. बैलांना नाव घेऊन सांगितलं की तुमचा मालक आता येत नाही, वाट बघू नका. तुझ्या तोंडाचा फेस मी या हातानं पुसला, आता या हातानं भाकरी थापू कशी, असं ती त्याला विचारत होती. सेवादासला पुण्याहून वेळेवर पोचता येत नव्हतं, म्हणून संगीताच्या मोठ्या भावानं, बादलनं, ते सगळं फोनवर रेकॉर्ड करून त्याला पाठवलं. यात आमच्याकडे काही वावगं नाही. अर्धा तांडा पोटासाठी बाहेर असतो, त्यांनी रडणं निदान ऐकायला नको का? ते रेकॉर्डिंग घरच्या ग्रुपवर आलं आणि तिथंच राहिलं. संगीता तेव्हा आठवीत होती.

आता या पोरीचं सांगते. बारावीनंतर ती महागावच्या कॉलेजात जायला लागली, आणि पहिलं वर्षभर तिनं तिथं कोणाला तांड्याचं नावसुद्धा सांगितलं नाही. तिच्या वयाच्या पोरींच्या आया सगळ्या साडीवर आल्या, मानीबाई अजून फेटिया-कांचळीच, आमचा आरशांचा घागरा आणि चोळी, घालते. आठवडी बाजाराच्या दिवशी समोरून आई येताना दिसली की संगीता रस्ता ओलांडून पलीकडे जायची. मी एकदा डोळ्यांनी पाहिलं. घरी आल्यावर झापलं तर म्हणाली, "काकी, पोट्ट्या हासतात. तुले नाई समजाचं."

मग तिच्या हातात बादलचा जुना फोन आला. आधी इतर पोरींसारखीच ही पण नाचायची, दुसऱ्यांच्या गाण्यांवर ओठ हलवायची. कोणी विचारत नव्हतं. एकदा गंमत म्हणून आईची फेटिया घालून, आरशाची ओढणी डोक्यावर घेऊन विहिरीपाशी गिरकी मारली, आणि ती गिरकी एका रात्रीत कुठल्या कुठे गेली. सकाळी पोरगी माझ्या दारात नाचत आली. जे लपवत होती तेच विकलं जातं हे तिला तेव्हा कळलं.

आठ-पंधरा दिवसांत स्वानंद नावाचा एक मुलगा यवतमाळहून गाडी घेऊन तांड्यात हजर. घरातले सगळे साहेब, वडील कचेरीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. बोलायला गोड, वागायला नम्र, चहा बशीत ओतून प्यायला. "काकू, हे कल्चर तुम्ही लोकांनी जपलं पाहिजे," मला म्हणाला. आम्ही ते काय विकायला काढलं होतं, असं तोंडावर आलं होतं. पाहुणा म्हणून गिळलं. तो संगीताचे व्हिडिओ बघणार होता, जाहिराती आणणार होता, तिला पुण्या-मुंबईला नेणार होता.

तेव्हापासून आमची संगीता 'बंजारन संगीता' झाली. नाकात वाटीएवढी नथ आली, ती आमच्यात कोणी घालत नाही; ऑनलाइन मागवली होती. कपाळावर ठिपक्यांची नक्षी आली. कधी उंटाच्या बाजूला उभी. आमच्याकडे कोणी उंट पाळला सांगा! लग्न झालेल्या बाईनंच केसांत घालायची चांदीची घुगरी तिनं घातली, आणि तीही कोणती, तर उत्तमसिंगच्या मयताला मानीबाईनं उतरवून पेटीत ठेवलेली. म्हाताऱ्या बायका कुरकुरल्या. मी विचारलं तर म्हणाली, "स्वानंद दादा म्हणते, पाहणाऱ्याले काय समजते?" वर्षभरापूर्वी महागावात बंजारी दिसायची जिला लाज वाटत होती, ती आता पुण्याच्या लोकांना जशी बंजारीण पाहिजे तशी झाली होती. आपली ती तेव्हाही नव्हती आणि आताही नव्हती. मला त्या पोरीचा राग यायचा आणि कीवही यायची.

कीव यासाठी की तिच्यापुढं दुसरं होतं काय? वेचणी, नाहीतर ऊसतोड, नाहीतर कुठल्या तरी तांड्यात लग्न आणि पुन्हा वेचणी. फार झालं तर माझ्यासारखं मानधनाची वाट बघणं. एकदा माझ्याजवळ बसून पराटीच्या बोंडानं चिरलेली बोटं दाखवून म्हणाली, "काकी, मले कोणीतरी व्हायचं हाय. कोणीबी चालते, पण हे नाई." माझ्याही बोटांवर त्याच खुणा आहेत.

पण लोक गिरक्यांना कंटाळतात. आकडे खाली आले. स्वानंद म्हणाला, आता इमोशनल पाहिजे, लग्नाचा सीझन आहे, तुमच्यात विदाईचं गाणं असतं ना? संगीता आईकडे गेली. मी तिथंच तूर निवडत बसले होते.

"याडी, ढावलो म्हण ना एकदा. मी रेकॉर्ड करतो."

"कोणाची पोरगी चालली?"

"कोणाचीच नाई. व्हिडिओसाठी."

"मंग रडू कायले?" मानीबाई म्हणाली आणि चक्क हसली. तिला ती थट्टाच वाटली. संगीता पाय आपटत निघून गेली, आणि मला वाटलं विषय संपला.

त्यानंतर संगीताचा फोन दिवसभर वाजत राहायला लागला. तोंडावर तेज आलं. मुंबईच्या कुठल्याशा शोवाल्यांचा निरोप आला, तिला आईसकट बोलावलं होतं. आईसकट काहून, विचारलं तर "सांगतो मंग" म्हणायची. मी आपली खूश. पोरीचं काहीतरी होऊन राह्यलं म्हणून तांड्यात सांगत सुटले.

आणि मग एका सकाळी त्या पाच बायका आल्या.

अंगणवाडीत खिचडी शिजत होती. तेलंगणाच्या नंबरची एक गाडी वडाखाली थांबली. आतून आमच्यासारख्याच फेटिया घातलेल्या, ओढण्या तोंडावर ओढलेल्या बायका उतरल्या. आदिलाबादकडच्या तांड्यातल्या. त्यांनी संगीताच्या याडीचं घर विचारलं, मी त्यांना घेऊन गेले. मानीबाई अंगण सारवत होती. त्यातली सगळ्यात म्हातारी पुढं झाली, पाण्याचा तांब्यासुद्धा न घेता मानीबाईच्या गळ्यात पडली, आणि तिनं मयताचा सूर लावला. बाकीच्या चौघींनी तो उचलला.

अनोळखी बायका गाडी करून येतात आणि दारात मयताचं रडतात, याचा अर्थ आमच्यात एकच. मानीबाईचा नवरा तर गेलेलाच. आता बाहेरगावी असलेलं तिचं एकच माणूस, पुण्याच्या कंपनीत कामाला गेलेला बादल. शेणाचे हात तसेच, ती किंचाळली, "माह्या बादलले काय झालं?" त्या बायकांना वाटलं दुःख नव्यानं उसळलं, त्या आणखी मोठ्यानं रडायला लागल्या. मी बादलला फोन लावते तर तो उचलत नाही. नंतर कळलं, ड्यूटीवर फोन गेटवरच ठेवून घेतात. तोवर मानीबाई खाली बसली होती आणि तिनं बादलसाठी रडायला सुरुवातही केली होती. लहानपणी तो माती खायचा ते, पहिल्या पगारातून आईला चप्पल आणली ते. जिवंत लेकाचं मयत ती रडत होती, आणि अख्खा तांडा अंगणात गोळा होऊन रडत होता. मीपण रडत होते.

बादलचं नाव ऐकून ती म्हातारी थांबली. "तुझा तर धनी गेला ना?" तिनं मानीबाईला विचारलं. "औषधानं. पंपाचं नाव घेतलंस तू."

कोणाला काही समजेना. तेवढ्यात चहाच्या सुट्टीत गेटवर आलेल्या बादलचा उलटा फोन आला. मी तो मानीबाईच्या कानाला लावला. "याडी, काय झालं वं?" हे शब्द ऐकून ती अंगातलं रक्तच कोणी काढून घेतल्यासारखी बसून राहिली. मग म्हातारीनं सांगितलं. त्यांच्या तांड्यात हे रडणं सगळ्यांच्या फोनवर आलंय. खाली काय लिहिलंय ते तिला वाचता येत नाही, पण आवाज कानावर पडला, शब्द समजले. ही बाई एकटीच रडतेय आणि कोणी सूर देत नाही, हे तिला बघवेना. म्हणून पोरांना विचारत, पत्ता काढत, भाड्यानं गाडी करून त्या आल्या.

मी मागं वळून पाहिलं तर संगीता दाराच्या चौकटीला धरून उभी होती. 'पाहणाऱ्याले काय समजते' हे तिनं पुण्या-मुंबईचा हिशेब धरून खरं मानलं होतं. तांडे तेलंगणात आहेत, कर्नाटकात आहेत, अर्ध्या देशात आहेत, आणि सगळीकडे हीच बोली आहे, हे बंजारन संगीताच्या ध्यानातच आलं नाही. शाळेत गोरबोली बोलली की हसतात म्हणून ती बोली फक्त आपल्या घरापुरती, चोरून बोलायची, असं तिच्या डोक्यात लहानपणीच बसलं होतं.

"लाव," मानीबाई म्हणाली.

संगीतानं लावलं. त्यात संगीता स्वतः नवरीच्या वेशात, घुंघटाआडून डोळे पुसतेय, आणि मागून तिच्या आईचा आवाज येतोय, सहा वर्षांपूर्वीचा, आम्हा बाकीच्यांचे सूर कापून एकटाच ठेवलेला. खाली लिहिलंय, लेकीची विदाई, बंजारा आईचं काळीज. ते संपलं तर बोटानं सरकून पुढचं आलं. तो आवाज घेऊन कुठल्या कुठल्या पोरींनी आपापले व्हिडिओ केले होते. एक नवरी आरशासमोर बसून कानातले घालत होती. एक गाडीतून हात हलवत होती. एका सोनाराच्या दुकानाची जाहिरात होती, त्यातली बाई मान हळूच वळवून हार दाखवत होती आणि मागं मानीबाई विचारत होती, तुझ्या तोंडाचा फेस पुसलेल्या हातानं भाकरी थापू कशी?

मानीबाई प्रत्येकीकडे बोट दाखवत होती. "हिचं लगन हाय?"

"हाव."

"मंग हे काहून लावलं इनं?"

"गाणं समजून लावते, याडी. त्याईले नाई समजत."

"तुले तं समजते."

संगीतानं फोन पालथा घातला. मानीबाई म्हणाली, "काढून टाक."

"मी काढलं तरी राहते ते. लोकाईनं घेतलं, त्याईच्या जवळ राहते. आता कोणाच्याच हातात नाई."

"काढून टाक," मानीबाई पुन्हा म्हणाली. तिला वाटत होतं पोरगी ऐकत नाहीये.

तेव्हा संगीता उसळली. पाच परक्या बायका आणि सगळा तांडा बघतोय याचंही तिला भान राहिलं नाही. "बाप माहाबी होता! मी नाई रडली काय? तुह्यावानी मले येत नाई रडता. आन् तू रडून काय भेटलं वं? पुढारी आले, फोटो काढले, गेले. तो टीव्हीवाला म्हणे लाईट गेलती, पुन्हा एकदा रडा. तू पुन्हा रडली! मी तिथंच उभी होती. तवा तू नाई म्हटलं नाई, मंग मले काहून म्हणते?"

हे खरं होतं. मला ते आठवत होतं. मयताच्या दुसऱ्या दिवशी एक चॅनलवाला आला होता आणि त्यानं मानीबाईला खांबापाशी बसवून पुन्हा रडायला लावलं होतं. ती बिचारी रडली, कारण कोणीतरी सांगितलं की यानं मदत मिळते. आठवीतली पोरगी ते बघत होती, आणि तिनं त्यातून जे शिकायचं ते शिकून घेतलं. आम्ही मोठ्यांनी ते कधी मनावरच घेतलं नव्हतं.

मानीबाई उठली, हात धुतले, पाहुण्या बायकांसाठी भाकरी टाकल्या. त्या जेवल्या. जाताना म्हातारी संगीतासमोर थांबली, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि काही न बोलता गाडीत बसली. शिव्या दिल्या असत्या तर पोरीला सोसलं असतं.

स्वानंदचा संध्याकाळी फोन. त्याला कोणी तरी कळवलं होतं. "अगं, एवढ्या लांबून बायका आल्या आणि तू शूट नाही केलं? त्यांना परत बोलावता येईल का?" संगीतानं फोन कट केला. एवढं मात्र तिनं केलं, आणि ते मला सांगायलाच पाहिजे. चार दिवस आई तिच्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी संगीतानं तो व्हिडिओ काढून टाकला, शोवाल्यांना नाही म्हणाली, आणि माझ्या मांडीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. पण उपयोग शून्य. स्वानंदनं तेच आपल्या पेजवर चढवलं. डीजेवाल्यांनी त्याला ढोल जोडला. उमरखेडच्या एका लग्नात वरातीपुढं पोरं त्यावर नाचली, असं मला आमच्या मदतनीस बाईनं कौतुकानं सांगितलं.

संक्रांतीनंतर नेरकडून फोन आला. मानीबाईची आई मैनाबाई गेली. मानीबाई, मी आणि संगीता, तिघी निघालो. गाडीत मानीबाई खिडकीबाहेर बघत ओठ हलवत होती. मी ओळखलं, ती शब्द गोळा करत होती. मैनाबाईची ती थोरली लेक. आमच्याकडे आईवर पहिलं रडणं थोरल्या लेकीचं. ती रडल्याशिवाय दुसरी कोणी सूर लावत नाही आणि मयत उचलत नाहीत. सगळे तिचीच वाट बघत होते.

आम्ही गाडीतून उतरलो तर पोरं पुढं धावली. "आली, आली! तीच ना?" गर्दीनं वाट करून दिली. मी पुढं चालत होते म्हणून मला आधी दिसलं. अंगणात मैनाबाई पांढऱ्या कापडाखाली निजली होती, तिच्या भोवती बायका बसल्या होत्या, आणि त्यांच्या मागं उभ्या असलेल्या सगळ्या पोरापोरींनी हात वर केले होते. प्रत्येकाच्या हातात फोन. माहेरच्या तांड्यात मानीबाई आता नुसती लेक नव्हती. ती विदाईवाली बाई होती.

मानीबाई आईजवळ बसली. तिच्या पायांवर हात ठेवला. तोंड उघडलं. मग मान वर करून तिनं ते सगळे हात पाहिले आणि तोंड मिटलं.

"माने," तिचा भाऊ फकिरा खाली वाकून म्हणाला, "रड ना वं. लोक थांबले."

संगीता मध्ये घुसली. "खाली ठेवा फोन! लाज वाटत नाई काय? माही नानी मेली!" ती एकेकाचा हात खाली ओढत होती. समोर बारा-तेरा वर्षांची एक पोरगी होती, कपाळावर ठिपक्यांची नक्षी काढलेली, थेट संगीतासारखी. ती हात खाली घेईना. घाबरली होती, पण डोळे चमकत होते. "ताई, मी तुहेच व्हिडिओ पाहून शिकून राह्यली," ती म्हणाली. "मलेबी तुह्यासारखंच व्हायचं हाय." संगीताचा हात तिथंच राहिला. आणि ती रडत, हात जोडत उभी राहिली तशी बाकीच्यांनी आपले फोन मैनाबाईवरून तिच्याकडे वळवले.

मानीबाईनं आईच्या अंगावरचं कापड नीट केलं. एक सुरकुती राहिली होती ती तळहातानं सारखी केली. मग भावाला म्हणाली, "उचला."

"न रडता?"

"उचला म्हणते ना."

म्हाताऱ्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. कोणी तरी ओढणीत तोंड घालून पुटपुटलं की मोबाइलसाठी रडते, आईसाठी नाही रडली. मला त्या बाईचं थोबाड फोडावंसं वाटलं. चार मुलांची, अकरा नातवंडांची, सगळा जन्म कापूस वेचलेली मैनाबाई तशीच उचलली गेली. तिच्यासाठी कोणी सूर लावला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही घरी पोचलो. मानीबाई आत जाऊन भिंतीला टेकून बसली. संगीतानं तिच्यापुढं पाणी ठेवलं, दार ओढून घेतलं, खिडकी लावली. स्वतःचा फोन तिनं बंद करून बाहेर बाजेवर टाकला होता; माझाही मागून घेतला आणि तिथंच ठेवला. मग आईच्या गुडघ्याशी बसली.

"याडी, आता इथं कोणी नाई. कोणी ऐकत नाई. आता रड."

मानीबाईनं तिच्या तोंडाकडे बघितलं. मग तिच्या हातांकडे बघितलं, दोन्ही हातांकडे, पालथे आणि उताणे. हात रिकामे होते. संगीतानं ते आपणहून पुढं धरले होते.

"तू बी बाहेर जा," मानीबाई म्हणाली.

"याडी..."

"तू बाहेर जा. मंग रडीन मी."

रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, घरात परकं माणूस असलं की आपण म्हणतो तसं. संगीता उठली. दारापर्यंत गेली, वळली, माझ्याकडे बघितलं, की काकी तरी काही बोलेल. ती बाहेर गेली आणि मी आतून कडी लावली.

मानीबाईनं ओढणीचं टोक गोळा करून तोंडात कोंबलं आणि ती रडली. अंग गदगदा हलत होतं, गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या, पण आवाज दातांच्या बाहेर येऊ देत नव्हती. मी तिच्या गळ्यात हात टाकला. सूर मिळवायला तिनं सूरच लावला नव्हता, म्हणून मी नुसतीच धरून बसले. संगीता बाहेर दाराला कान लावून बसली होती. तिला काहीच ऐकू आलं नाही.